गरुडाचा टॉवेल

आमच्या कारखान्यात परक्या भाषेतली अक्षरं तपासायचं काम माझ्याकडे आहे. कारखाना अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टेरी टॉवेलांचा. परदेशातली हॉटेलं, क्लब, दुकानं आपापली नावं टॉवेलातच विणून मागतात. त्यांनी पाठवलेला कागद आणि आमच्या डिझाइनरने काढलेला नमुना शेजारी ठेवायचा, अक्षर न अक्षर ताडून पाहायचं आणि खाली सही करायची. माझी सही झाली की माल मागावर चढतो. अर्थ कळण्याची गरज नसते. आठ वर्षांत तशी कधी पडलीही नव्हती.

हे काम मला मिळालं ते मी पदवीधर आहे म्हणून, आणि पदवीधर झालो ते भवानी पेठेतल्या एका घरामुळे. आमचं गाव मंगळवेढ्याकडचं. घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. कॉलेजसाठी सोलापुरात आलो तेव्हा राहायला जागा नव्हती. माझ्या वडिलांची आणि एका तेलुगू विणकर गृहस्थाची एस.टी.च्या प्रवासात ओळख झाली होती, एवढंच. तेवढ्या ओळखीवर त्यांनी मला तीन वर्षं घरात ठेवून घेतलं. मी त्यांना मामा म्हणतो. ते आमच्याच कारखान्यात जॉबर आहेत. माग जुळवायचा, बिघडला की दुरुस्त करायचा, हे त्यांचं काम. मामी घरी बसून विड्या वळतात. मी कॉलेजातून आलो की त्या मान वर न करता विचारायच्या, "तिन्नावा?" म्हणजे जेवलास का. जेवलो असं खोटं सांगितलं तरी ताट वाढलेलंच असायचं. त्या घराचं माझ्यावर जे आहे ते फिटण्यासारखं नाही, आणि फेडावं असं त्यांनी कधी सुचवलंही नाही.

त्यांचा मुलगा तेव्हा शाळेत होता. मी त्याचं इंग्रजी घ्यायचो. तो मला अण्णा म्हणतो. पुढे त्याने आयटीआय केलं, इथे दोन-तीन नोकऱ्या करून पाहिल्या, कुठेच जीव रमला नाही. मग त्याच्या एका मित्राने पोलंडमधल्या गोदामाच्या कामाचं सांगितलं. फॉर्म मी भरले. मुलाखतीची तयारी मी करून घेतली. व्हिसा आला तेव्हा मामी म्हणाल्या, "तू शिकलास त्याचं सोनं झालं बघ." मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं.

त्याच सुमारास पोलंडचीच एक ऑर्डर आमच्याकडे आली होती. अरुंद, लांब टॉवेल, लाल आणि पांढरा. मध्ये पंख पसरलेला गरुड आणि खाली दोन ओळी. कुणातरी व्यापाऱ्यामार्फत आलेलं काम. चौकशीला 'कार्यक्रमासाठी' एवढंच उत्तर होतं. त्या भाषेतल्या अक्षरांना कुठे शेपटी असते, कुठे डोक्यावर तिरकी रेघ. मी दोन दिवस भिंग घेऊन बसलो होतो. पहिल्या नमुन्यात एक रेघ राहिली होती, ती मी पकडली. मालकांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. मागावर तो माल मामांनीच चढवला.

ऑर्डर गेली आणि मागे सेकंड उरले. सेकंड म्हणजे किरकोळ दोष असलेला माल. परदेशी जात नाही, इथल्याच बाजारात निघतो. त्यातला एक मी निवडून बाजूला ठेवला. एका कडेला धागा सुटला होता, एवढाच दोष.

आमच्याकडे घरातला माणूस लांब निघाला की टॉवेल-टोपी देतात. खांद्यावर टॉवेल, डोक्यावर टोपी, हातात नारळ. लग्नात देतात, सत्काराला देतात, रिटायर झाल्यावर देतात. मुलगा निघायच्या दिवशी मामांच्या खोलीत गल्लीतली पाच-सहा माणसं जमली होती. मी त्याच्या खांद्यावर तो लाल टॉवेल टाकला. म्हणालो, "त्यांच्या देशाचा गरुड आहे, त्यांच्याच भाषेत लिहिलंय. तुझ्या अंगावर बघून त्यांना आपलेपणा वाटेल."

"काय लिहिलंय पण?" शेजारच्या एका म्हाताऱ्याने विचारलं.

"त्यांचं काहीतरी देशभक्तीचं असणार," मी म्हणालो.

मामींनी गरुडाला हळदीकुंकू लावलं. "गरुड म्हंजे देवाचं वाहन की. लई चांगलं झालं," म्हणाल्या. मुलाने टॉवेल गळ्याभोवती गुंडाळून आरशात पाहिलं. "अण्णा, फॉरेनला सोलापुरी टॉवेल घेऊन चाललोय, विकायला नेतोय म्हणून पकडायचे मला."

सगळे हसले. मीही.

वॉर्साच्या बाहेर त्याचं गोदाम होतं. एका खोलीत चौघं राहायचे. मामा-मामींकडे साधे फोन, म्हणून तो फोटो मला पाठवायचा आणि मी संध्याकाळी कामावरून परतताना त्यांच्याकडे थांबून दाखवायचो. ट्रामच्या थांब्यावर उभा, नाक लाल झालेलं, गळ्यात आमचा टॉवेल. तो फोटो मी कारखान्यातही सगळ्यांना दाखवला. मालकांनी तो मागून घेतला.

नोव्हेंबरात एकदा मी मामांकडे बसलो असताना माझ्या फोनवर त्याचा फोन आला. इथे आता स्वातंत्र्याचा दिवस आहे, म्हणाला, शहरात मोठी मिरवणूक निघते. सुट्टीमुळे ट्राम वळवल्या आहेत, पण गोदामाला सुट्टी नाही, तिथूनच जावं लागेल.

"आपल्या पंधरा ऑगस्टसारखंच की," मामी म्हणाल्या. "ज्या गावात राहतो त्या गावचा सण पाळावा. टॉवेल घालून जा."

"घालतो," तो म्हणाला.

दोन दिवसांनी त्याने मला व्हिडिओ पाठवला. त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुणीतरी काढलेला, अर्ध्या मिनिटाचा. रस्ता माणसांनी भरलेला, वर लाल धूर, इतका की समोरच्या इमारती दिसत नव्हत्या. झेंडेच झेंडे. खांद्यावर पोरं घेतलेले बाप होते, म्हाताऱ्या बायका होत्या, आणि तोंडावर काळी फडकी बांधलेले तरुणही होते. मधोमध आमचा मुलगा. त्याच्या दोन्ही बाजूंना दोन उंच पोरं, एकाचा हात त्याच्या मानेवर. त्याने टॉवेल दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरला होता आणि तो ओरडत होता. ती पोरं एक शब्द सांगायची, तो म्हणायचा. मग दुसरा. मग सगळं एकदम. ती हसत होती, तोही हसत होता.

मी भिंगाखाली पाहिलेली अक्षरं पहिल्यांदा आवाजात ऐकली. अंगावर काटा आला, अभिमानाने. हे खरं आहे म्हणून लिहितो.

त्या संध्याकाळी मामींनी तो व्हिडिओ किती वेळा लावायला लावला याची गणती नाही. "बघ की कसं बोलतोय त्यांची भाषा. आणि ते पोरगं बघ, कसं गळ्यात हात टाकलंय भावासारखं." तेंदूच्या पानात तंबाखू भरता भरता त्या ते शब्द म्हणू लागल्या. पहिल्यांदा जीभ अडली. चौथ्या-पाचव्या वेळेला बसली. तेलुगू माणसाला दुसऱ्याची भाषा पटकन येते, असं त्या नेहमी म्हणतात, आणि ते खरंच आहे. आठवड्याभरात गल्लीतल्या विड्या वळणाऱ्या दोघीतिघी ते शब्द म्हणायला लागल्या. चेष्टा म्हणून. दारात मला पाहिलं की एक जण तेच म्हणून नमस्कार करायची.

मग डिसेंबरच्या सुरुवातीला व्यापाऱ्याचा मेल आला. माल आवडला, पुढच्या वर्षासाठी दुप्पट हवा आहे. सोबत त्या दिवशीचे फोटो. एका फोटोत पुलावर उभे असलेले लोक, प्रत्येकाच्या हातात आमचा टॉवेल ताणून धरलेला, आणि त्यांच्या पुढे एक मोठं फडकं. त्या फडक्यावर एका माणसाचं चित्र होतं. काळा माणूस, हातात पिशवी, आणि त्याच्यावर लाल रेघ मारलेली.

माझी जेवणाची सुट्टी होती. डबा उघडा होता. मी फोनचा कॅमेरा टॉवेलाच्या नमुन्यावर धरला. फोन भाषांतर करून देतो हे मला आठ वर्षं माहीत होतं. मी बिलांसाठी ते वापरलं होतं, पत्रांसाठी वापरलं होतं. टॉवेलावर कधी धरलं नव्हतं, कारण माझं काम अक्षरं बरोबर आहेत का एवढंच होतं.

पहिली ओळ: पोलंड फक्त पोलंडच्या माणसांचं. दुसरी: उपऱ्यांनी चालतं व्हावं.

त्या दिवशी मी त्या देशाबद्दल मिळेल ते वाचलं. दरवर्षी निघणारा हा मोर्चा. त्यात नुसता सण म्हणून येणारे पुष्कळ. पण तो पुढे होऊन चालवणारी जी संघटना आहे, तिच्यातली मंडळी बहुतेक तरुण, आणि ती म्हणतात की आपला देश बाहेरच्यांनी भरून चालला आहे, रक्त, धर्म, भाषा सगळं धोक्यात आहे. काही वर्षी दगडफेक झाली, काही वर्षी शांततेत गेला. वाचताना मला अनोळखी असं काही वाटेना. तेच मला जास्त लागलं.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी मीही एकदा असा चाललो होतो. इथेच, सोलापुरात. मित्र म्हणाले चल, म्हणून गेलो. ढोल होते, कपाळाला टिळा होता. एका मोहल्ल्याच्या तोंडाशी मिरवणूक मुद्दाम थांबली आणि कुणीतरी घोषणा दिली की अमक्यांनी इथून निघून जावं. ती मीही दिली. मनात कुणाविषयी राग नव्हता. हजार घशांतून एक आवाज निघतो तेव्हा आपला घसा आपला राहत नाही, आणि खेड्यातून आलेल्या, कुणीच न ओळखणाऱ्या पोराला तर त्यात फार उबदार वाटतं. दुसऱ्या दिवशी मी त्याच मोहल्ल्यातल्या चहावाल्याकडे नेहमीसारखा गेलो. त्याने मला पाहिलेलं होतं की नव्हतं, कळलं नाही. त्याने चहा दिला. तेव्हापासून आजपर्यंत मी त्या चहाचा विचार केलेला आहे.

आता मी फोन केला. सोलापुरात संध्याकाळ, तिकडे दुपार. तो जेवणाच्या सुट्टीत होता.

"तो टॉवेल घालू नकोस," मी म्हणालो. "मी तुला चुकीची वस्तू दिली. त्यावर काय लिहिलंय ते मला आज कळलं."

मागे कुणीतरी पेट्या ओढत होतं.

"ऐकतोयस ना?"

"मला ठाऊक हाय, अण्णा," तो म्हणाला. "पयल्याच आठवड्यात कळलं. सोबतच्या पोराने वाचून सांगितलं. तुमाला वाईट वाटंल म्हणून बोललो न्हाय."

"मग घालतोस कशाला?"

"थांब्यावर दोघं-तिघं असतात रोज. पयल्यांदा पाठीमागनं आले होते माझ्या. मग मी हे घालाय लागलो. आता बघतात, हसतात, सोडून देतात. याला कळतंच न्हाय काय घातलंय, असं म्हणत असतील. म्हणू दे की."

"आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशी कामावर जायचं होतं, रस्ता तोच. त्या दोघांनी धरलं. एकाचा हात होता की मानेवर, तुमी बघितलाय. म्हणले, म्हण. म्हटलं. मोठ्यानं म्हण. मोठ्यानं म्हटलं." मग म्हणाला, "व्हिडिओ त्यांनीच सोबतच्या पोराला काढाय लावला, माझ्याच फोनवर. मी तुमाला पाठवला, कारण आईला काळजी लागली असती, दोन दिवस काय पाठवलं न्हाय तर. आईला सांगू नका."

मी व्हिडिओ पुन्हा पाहिला. मामींना भावाचा वाटलेला हात. तो मानेवर ठेवलेला नव्हता, मान धरलेली होती. अंगठा कानाखाली रुतला होता. आम्ही तिघांनी तो पन्नास वेळा पाहिला होता.

त्यानंतरचे दिवस मला नीट सांगता येत नाहीत. सेकंडचा माल बाजारात गेला होता, आणि सोलापुरात टॉवेल ही काही कपाटात ठेवायची वस्तू नाही. मोटारसायकलवाल्याच्या डोक्याला तो बांधलेला दिसायचा. आसरा चौकात एका रिक्षावाल्याने त्याच टॉवेलाने काच पुसली. दाढी पांढरी, डोक्यावर जाळीची टोपी, आणि हातात गरुड. दाढीला बसलो तर न्हाव्याने माझ्याच गळ्याभोवती तो अडकवला. आरशात अक्षरं उलटी दिसत होती तरी मी वाचली. सकाळी एमआयडीसीच्या फाटकातून सायकली आत यायच्या तेव्हा मी कार्यालयाच्या खिडकीतून खांदे बघत बसायचो. एक लाल, पुन्हा एक, मग लांबवर अजून एक. सगळे एकाच दिशेने येणारे. कुणालाच काही ठाऊक नाही. मी एकटा वाचू शकणारा.

मालकांना मी सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "आपण कापड विणतो," म्हणाले, "बोलणं त्यांचं. आपण न्हाय म्हटलं तर दुसरा कोण विणंल, आणि आपले माग बंद राहतील. तुमच्या मामाचेच." मामांना मी काही बोललो नाही. ऑर्डर पक्की झाली, नमुना निघाला, तपासायचा कागद माझ्या टेबलावर आला. मी सही केली.

त्याच रविवारी मामींनी माझ्या फोनवरून मुलाला फोन लावायला सांगितलं. स्पीकर चालू होता. मामा खाटेवर पडले होते. मुलगा "हां आई" म्हणाला, आणि मामींनी, त्याला खूश करावं म्हणून, तयारी करून ठेवलेले ते शब्द म्हटले. दोन्ही ओळी. स्वच्छ, एकही उच्चार न अडखळता.

फोन कटला असं वाटून मामींनी मला विचारलं, "गेला का रे?"

"हाय," मुलगा म्हणाला. "आई, ते परत म्हणू नको."

"का? चुकलं का माझं?"

"न्हाय. बरोबर हाय. कामाला चाललोय, ठेवतो."

मामींनी फोन माझ्या हातात दिला. सुपातला तंबाखू हाताने सारखा केला. मग माझ्याकडे पाहिलं. तीन वर्षं ज्यांनी माझा जेवल्याचा खोटेपणा ओळखला त्यांच्यापुढे मला काय लपवता येणार होतं? मी सगळं सांगितलं. शब्दांचा अर्थ, थांब्यावरची पोरं, मानेवरचा हात. टॉवेल मी दिला हेही पुन्हा सांगितलं, जसं काही त्या विसरल्या होत्या. मामा उठून बसले. त्यांनी आपल्या हाताच्या पंजांकडे पाहिलं आणि पुन्हा आडवे झाले, भिंतीकडे तोंड करून.

मामींनी एक पान उचलून त्यात तंबाखू भरला. मग म्हणाल्या, "त्यानं म्हटलं म्हणून सोडलं की त्याला?"

"हो."

"गळ्यात होतं म्हणून सोडलं?"

"तो तसं म्हणतो."

"पुढच्या सालीबी निघंल की ती मिरवणूक."

"दरवर्षी निघते."

त्यांनी एक विडी वळून संपवली, दोरा बांधला, बाजूला ठेवली. "तो टॉवेल सेकंडचा होता," म्हणाल्या. "कडंचा धागा सुटलेला. धुवून धुवून विटला असंल. त्याला एक चांगला पाठव."

मी म्हणालो, "मामी, ते शिव्यांचं फडकं आहे. मी त्याला परत बोलवायचा प्रयत्न करतो. इथे काम बघू."

"तो यील तवा यील. दोन वर्षांची सही केलीय त्यानं, तूच वाचून दाखवली होतीस." आवाजात राग नव्हता. "तोवर त्याला एक चांगला पाठव."

मी आठ दिवस घालवले. पाठवला तर मी काय पाठवतो आहे हे मला ठाऊक आहे. नाही पाठवला आणि थांब्यावर काही झालं, तर तेही मलाच ठाऊक असणार. शेवटी मी त्यालाच विचारलं. तो ट्रामच्या थांब्यावर उभा होता. ट्रामचा आवाज आला, दार उघडल्याचा, बंद झाल्याचा, आणि ट्राम गेली. तो चढला नव्हता.

"आई म्हणाली असंल," तो म्हणाला.

"आईचं जाऊ दे. तुला हवा आहे का?"

त्याने मराठीत उत्तर द्यायला घेतलं आणि मधेच आवाज खाली आणला. आजूबाजूला कुणीतरी आलं असावं.

"पाठवा," तो म्हणाला.

नव्या मालाची पहिली गासडी बांधली जात होती. मी त्यातून एक टॉवेल काढून घेतला. उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिला. कुठेही दोष नव्हता.